पस्तीस दिवसांनंतर कुठे जायचे? व्यसनमुक्त होणाऱ्यांसाठी घर चालवताना

रविवारी विहारात वंदना सुरू असते. पंचशील म्हणताना पाचव्या शीलापाशी मागच्या रांगेतल्या एखाद्या माणसाचा आवाज बसतो. शेजारच्याला ते कळते, पण कोणी काही बोलत नाही. काही आठवड्यांनी तो माणूस यायचाच थांबतो. वस्तीत लोक म्हणतात, 'तो काही सुधारायचा नाही.' प्रत्यक्षात तो व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आलेला असतो. कधी एकदा, कधी चारदा. तिथे तो चांगला राहतो. अडचण तो परत आल्यावर सुरू होते.

परत येतो म्हणजे कुठे? त्याच खोलीत, त्याच गल्लीत, त्याच मित्रांत. कामाला जायचा रस्ता देशीच्या दुकानावरून जातो. घरात बायको रोज त्याच्या तोंडाचा वास घेते आणि दोघांनाही त्याची लाज वाटते. भावाने डोक्यावरचे कर्ज काढून ठेवलेले असते. अशा ठिकाणी 'फक्त मनाचा निश्चय हवा' असे सांगणे सोपे आहे. आम्हीही बरीच वर्षे तेच सांगत होतो.

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचे काम नवे नाही. पुण्यातले मुक्तांगण 1986 साली सुरू झाले. तिथला पाच आठवड्यांचा, म्हणजे 35 दिवसांचा उपचार अनेक कुटुंबांना माहीत आहे. मुंबईत कृपा फाउंडेशनचे काम त्याच्याही आधीपासूनचे. तरीही गरज आणि सोय यांत फार मोठे अंतर आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले देशव्यापी सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 माणसांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते. दाखल होऊन उपचार मिळणारा 180 मध्ये एक. म्हणजे जो केंद्रातून बाहेर येतो तो आधीच नशीबवान असतो, आणि त्यालाच आपण 36 व्या दिवशी एकटे सोडतो.

या 36 व्या दिवसासाठी जी सोय असते तिला इंग्रजीत सोबर लिव्हिंग होम म्हणतात. आम्ही साधे 'घर' म्हणतो. गेली तीन वर्षे आम्ही सात-आठ जण उत्तर नागपुरात असे एक छोटे घर चालवतो. आमच्यात एक निवृत्त परिचारिका आहेत, दोन शिक्षक आहेत, विहार समितीतले तिघे आहेत आणि स्वतः व्यसनातून बाहेर आलेले दोघे. इतर शहरांतून विचारणा होते, म्हणून जे समजले ते इथे मांडतो. आमच्या चुकाही त्यात आहेत.

हे घर म्हणजे काय, आणि काय नाही

हे रुग्णालय नाही, व्यसनमुक्ती केंद्रही नाही. इथे डॉक्टर नाही, कुलूप नाही, वॉर्डन नाही. दारू किंवा नशा पूर्ण सोडलेली पाच-सहा माणसे एका भाड्याच्या घरात राहतात. कामाला जातात, भाडे वाटून भरतात, स्वयंपाक आणि झाडलोट पाळीपाळीने करतात आणि नशा करायची नाही हा एक नियम सगळे पाळतात. एवढेच.

या पद्धतीचे बराच अभ्यास झालेले उदाहरण अमेरिकेतले आहे. मेरीलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग गावात सरकारी मदतीवर चालणारे एक वसतिगृह 1975 मध्ये बंद होणार होते. तिथे राहणाऱ्यांत पॉल मॉलॉय नावाचे एक वकील होते, तेही दारूतून सावरत होते. त्या माणसांनी ठरवले की घर आपणच भाड्याने घ्यायचे आणि आपणच चालवायचे. त्याला त्यांनी ऑक्सफर्ड हाउस हे नाव दिले. पूर्वीच्या वसतिगृहात सहा महिन्यांनी बाहेर पडावे लागे, मग माणूस तयार असो वा नसो. ही अट त्यांनी काढून टाकली. नवा माणूस घ्यायचा तर राहणाऱ्यांपैकी 80 टक्के लोकांनी होकार द्यायला हवा. पुन्हा नशा केली तर त्याला घर सोडावे लागते. पदाधिकारी निवडून येतात आणि ठरावीक मुदतीनंतर बदलतात, म्हणजे कोणी मालक होऊन बसत नाही. मॉलॉय 2022 मध्ये वारले. तोपर्यंत अशा घरांची संख्या तीन हजारांच्या वर गेली होती.

या घरांचा उपयोग होतो का, हे शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातल्या लेनर्ड जेसन यांच्या गटाने तपासले. उपचार संपवून बाहेर पडणाऱ्या 150 जणांची त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. अर्धे अशा घरांत गेले, अर्धे नेहमीच्या वाटेने. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा घरांत गेलेल्यांपैकी सुमारे 31 टक्के पुन्हा नशेकडे वळले होते, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे 65 टक्के होते. अमेरिकेतली परिस्थिती आपल्यासारखी नाही, हे मान्य. पण निम्म्याहून अधिक फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आम्हाला त्यातली सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे कारभार राहणाऱ्यांच्या हाती असणे. ही कल्पना आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या कामकाजाची आठवण करून दिली होती: बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतदान हे सारे नियम संघाला ठाऊक होते. सहा माणसांच्या घरातही नेमके तेच लागते. बैठक ठरलेल्या दिवशी होते, विषय आधी सांगितलेला असतो, प्रत्येकाला एक मत असते आणि ठराव वहीत लिहिला जातो. आमच्या घरात गुरुवारी रात्री साडेआठला बैठक होते. आम्ही संस्थापक मंडळी त्या बैठकीत बसू शकतो, पण आम्हाला मत नाही. हे स्वीकारायला आम्हाला पहिले वर्ष लागले. समाजकार्य करणाऱ्या माणसाला सल्ला देण्याची खोड असते आणि ती दारूइतकीच चिवट असते.

सुरू करण्याआधी

दारू सोडवण्याचे काम घरात कधीही करू नका. रोज भरपूर पिणारा माणूस अचानक थांबला की पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. हे काम रुग्णालयाचे. आम्ही नव्या माणसाला केंद्रातून किंवा रुग्णालयातून आल्याचा कागद पाहूनच घेतो. ब्राउन शुगर किंवा तशी नशा करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त धोक्याची आहे. काही महिने बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. मग माणूस पूर्वीएवढाच डोस घेतो आणि श्वास बंद पडतो. हे प्रत्येक राहणाऱ्याला तोंडावर सांगावे लागते, आडवळणाने नाही.

गोळ्यांबद्दल एक. दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून डॉक्टर एक गोळी देतात. ती माणसाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असते. आपल्याकडे ती भाजीत, चहात गुपचूप मिसळण्याची पद्धत आहे आणि तशा पुड्या विकणारेही आहेत. त्यावर दारू पडली तर प्रकृती गंभीर होते. घरात कोणाचीही गोळी दुसऱ्याने द्यायची नाही, असा आमचा नियम आहे.

कायद्याचे पाहा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितीचाही समावेश आहे आणि उपचार-पुनर्वसनासाठी माणसे ठेवणाऱ्या संस्थांना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. पाच मित्र भाडे वाटून राहतात आणि पाच रुग्ण एका संस्थेत ठेवले आहेत, यातली रेषा बारीक आहे. म्हणून सुरुवातीलाच प्राधिकरणाला लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा आणि घरात 'उपचार' हा शब्द असलेली पाटी लावू नका. देणग्या घ्यायच्या असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवून घ्या. तोंडी हिशेबावर चाललेले चांगले काम किती वेळा भांडणात बुडते, हे आपल्या चळवळीला सांगायला नको.

घर शोधणे हे सर्वांत दमवणारे काम. आधी आडनाव विचारतात, मग काम विचारतात, मग 'किती माणसे?' असे विचारतात. आम्ही अकरा घरे पाहिली. दोन ठिकाणी घरमालकांना खरे सांगितले नाही, कारण नकार नको होता. त्यातले एक घर मिळालेही, आणि पंधराव्या दिवशी खाली करावे लागले. खोटे बोलून घेतलेल्या घरात खरे बोलायला शिकवायचे, हे मुळातच जमणारे नव्हते. शेवटी ज्या बाईंनी घर दिले, त्यांचा धाकटा भाऊ दारूने गेला होता. त्यांना सगळे सांगितले. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार केला, पोलिस ठाण्यात भाडेकरूंची माहिती दिली आणि शेजारच्या महिला बचत गटाच्या बैठकीला जाऊन बसलो. बायकांचा पहिला प्रश्न होता, 'रात्री गोंधळ झाला तर फोन कोणाला करायचा?' त्या दिवशी दिलेला नंबर अजून तोच आहे.

घर दारूच्या दुकानापासून लांब हवे आणि बसथांब्याजवळ हवे. दोन्ही एकत्र मिळणे कठीण. आम्ही बसथांबा निवडला, कारण काम सुटले तर बाकी सगळे सुटते.

पैसे

घरभाडे 13,000 रुपये. किराणा, भाजी आणि गॅस धरून सुमारे 11,000. वीज-पाणी 1,500. सहा माणसे प्रत्येकी 4,500 देतात, म्हणजे 27,000. उरलेले 1,500 शिल्लक खात्यात जातात. अनामत रक्कम आणि सहा खाटा एवढाच खर्च आम्ही वर्गणीतून केला. नव्या माणसाला पहिला महिना सवलत असते, पण ती माफी नसते. ती वहीत त्याच्या नावावर लिहिली जाते आणि तो हळूहळू फेडतो. सुरुवातीला आम्ही सगळे फुकट दिले होते. दोन महिन्यांत घराची धर्मशाळा झाली. भांडी कोणी घासेना, कारण घर कोणाचेच नव्हते.

पगाराचा प्रश्न घरापुरता राहत नाही. एका राहणाऱ्याची पत्नी दर महिन्याच्या सात तारखेला दारात येऊन उभी राहायची. आत यायची नाही. तिचे म्हणणे सरळ होते: 'त्यांनी घरी नाही आले तरी चालेल, पण मुलांच्या फीचे पैसे यायला पाहिजेत.' आता प्रत्येक जण आत येतानाच लिहून देतो की घरी किती पाठवणार, आणि बैठकीत त्याची पावती दाखवतो. काही जणांना हे अपमानाचे वाटते. आम्हाला तसे वाटत नाही.

ज्या रात्री आम्ही चुकलो

नशा केली तर घर सोडायचे, हा नियम कठोर आहे आणि तो हवाच. एकाने पिऊन येऊन झोपायचे आणि बाकीच्या पाच जणांनी तो वास घेत रात्र काढायची, हे चालणार नाही. पण नियम काय आहे आणि तो कसा पाळायचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आम्ही फार महाग शिकलो.

पहिल्या वर्षी डिसेंबरमध्ये रंगकाम करणारा एक राहणारा रात्री पिऊन आला. चार महिने तो स्वच्छ होता. मोठ्या कामाचे पैसे हातात आले होते. रात्री दहाला तातडीची बैठक झाली, मतदान झाले, आणि साडेदहाला त्याची पिशवी फाटकाबाहेर ठेवली. आमच्यापैकी दोघे तिथे हजर होते. आम्ही त्याच्या घरी फोन केला नाही. तो कुठे जाणार, हेही विचारले नाही. नियम पाळला गेला याचे समाधान वाटत होते, हे आज लिहिताना लाज वाटते. पुढचे दोन दिवस तो पीत राहिला, मग पैसे संपले, मग दारू थांबली आणि तिसऱ्या दिवशी रस्त्यात फिट येऊन तो पडला. डोक्याला नऊ टाके पडले. कोणा ऑटोवाल्याने रुग्णालयात नेले म्हणून वाचला. त्याच्या पत्नीने आम्हाला एकच वाक्य ऐकवले: 'मला तरी सांगायचं होतं.'

त्यानंतर पद्धत बदलली. घर सोडावे लागतेच, त्याच रात्री. पण दोघे सोबत जातात आणि रुग्णालय, केंद्र किंवा नातेवाइकाचे घर, यांपैकी एका ठिकाणी पोहोचवल्याशिवाय परत येत नाहीत. त्यासाठी ऑटोचे पैसे एका डब्यात वेगळे ठेवलेले असतात. कोणाला कळवायचे, त्या माणसाचा नंबर प्रवेशाच्या दिवशीच घेतलेला असतो. सामान घरातच राहते, आणि 30 दिवसांनंतर पुन्हा अर्ज करता येतो. दारात 'पुन्हा येऊ नकोस' म्हणायची मनाई आहे.

विहारातही आम्ही तेव्हापासून वेगळे बोलू लागलो. पाचवे शील हे शिक्षापद आहे, म्हणजे शिकण्याचा नियम. आपण ते एकदाच घेत नाही. दर वंदनेला 'समादियामि' म्हणून पुन्हा घेतो. मागच्या रांगेत गप्प बसणाऱ्याला हे आम्ही कधी नीट सांगितलेच नव्हते. घरात मात्र वंदनेची सक्ती नाही. आतापर्यंत राहून गेलेल्यांत हिंदू होते, मुस्लिम होते, एक ख्रिस्ती होता, आणि काहीच न मानणारेही होते. बहुतेक जण आठवड्यातून दोनदा अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला जातात. ती सभा फुकट असते आणि तिथे फक्त पहिले नाव विचारतात.

नाव गुप्त ठेवणे घरासाठीही तितकेच महत्त्वाचे. देणगी देणाऱ्याला फोटो हवा असतो, कार्यकर्त्यांना फेसबुकवर टाकायचा असतो. आम्ही एकदा खीरदानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. त्यात मागे उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या सुपरवायझरने ओळखले आणि आठ दिवसांत त्याची नोकरी गेली. आता घरात आमच्यापैकी कोणीही फोटो काढत नाही.

वर्षातले अवघड दिवस कोणते, असे विचारले तर लोकांना दिवाळी किंवा 31 डिसेंबर वाटतो. आमच्याकडे तो दिवस 14 एप्रिल आहे. हे लिहिणे अनेकांना आवडणार नाही. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीमागे बाटल्या फिरतात, हे आपण सगळे जाणतो. दारू सोडा म्हणून आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाच्या जयंतीला आमच्या मुलांना घरात बसून राहावे लागते. गेल्या वर्षी त्यांनीच मार्ग काढला: पहाटे सहाला पुतळ्याला अभिवादन, आठच्या आत घरी, आणि दिवसभर वस्तीतल्या नाक्यावर पाणी आणि मठ्ठ्याचे वाटप. मिरवणूक समोरून गेली. दोन मित्रांनी हाका मारल्या. कोणी गेले नाही. संध्याकाळी मात्र एकाचे हात थरथरत होते, आणि बाकीचे त्याच्याजवळ बसून राहिले.

खर्र्याचे काय, हा प्रश्न नागपुरातल्या प्रत्येक घराला येणार. आम्ही पहिल्या महिन्यात बंदी घातली आणि ती कोणीच पाळली नाही. खोटे बोलणे मात्र वाढले. शेवटी बैठकीने ठरवले की घराच्या आत नाही, आणि सोडायचा असेल त्याला मदत करायची. तोंडाच्या कर्करोगाचे वॉर्ड पाहिलेल्या आमच्या परिचारिकाताईंना हा निर्णय अजून मान्य नाही. त्यांचे चूक नाही.

स्त्रियांसाठी असे घर आम्हाला सुरू करता आलेले नाही. स्त्रिया पितात, झोपेच्या गोळ्यांत अडकतात, आणि त्यांना लपवले जाते. त्यांचे घर स्वतंत्र हवे, मुलांसह राहता यावे असे हवे आणि ते स्त्रियांनीच चालवावे. विचारणा करायला आतापर्यंत चार जणी आल्या आणि आम्ही चौघींनाही केंद्राचा पत्ता देऊन परत पाठवले. एखाद्या शहरातल्या महिला मंडळाने हे हाती घेतले तर आमची हिशेबाची वही, नियमांचा कागद आणि कराराचा मसुदा आम्ही देऊ. तातडीच्या सल्ल्यासाठी केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आहे. फोन कुटुंबातल्या कोणीही करू शकते.

त्या रंगकाम करणाऱ्या माणसाने बरा झाल्यावर, अडीच महिन्यांनी पुन्हा अर्ज केला. पाच जणांपैकी चार मते हवी होती, तीनच पडली. आम्हाला वाईट वाटले, पण मत आमचे नव्हते. उन्हाळ्यात त्याने पुन्हा अर्ज केला, तेव्हा चार पडली. आता घरातला सर्वांत जुना माणूस तोच आहे, आणि नवा कोणी आला की पहिल्या रात्री त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपतो.

घराचा करार पुढच्या महिन्यात संपतो आहे. मालकीणबाईंनी भाडे हजार रुपयांनी वाढवायचे म्हटले आहे. महिन्याला उरणाऱ्या 1,500 मधून ते द्यायचे, की प्रत्येकाची वर्गणी वाढवायची, हा येत्या गुरुवारच्या बैठकीतला विषय आहे. आम्हाला बोलावलेले नाही.